एका सफारीतले हणमंत

किस्से ठरवून गोळा करता येत नाहीत. उसाच्या पाचटासारखं असतं त्यांचं. ऊस कारखान्याला जातो, पाचट फडात राहतं, आणि बघता बघता त्याचाच एवढा ढीग होतो की पाय ठेवायला जागा उरत नाही. आमच्या मालिकेचं असंच झालं. मालिका जेवढे लोक बघतात त्याच्या दुप्पट लोक तिच्या मागच्या भानगडी ऐकायला माझ्या स्टुडिओत येऊन बसतात. वर चहा मलाच सांगायला लावतात!

स्टुडिओ म्हणजे उंब्रजला स्टँडच्या मागं माझं फोटोचं दुकान. लग्नसराई संपली की कॅमेरा धूळ खात पडायचा. मग आमच्या गावचे रिटायर झालेले बापू मास्तर म्हणाले, "मी लिहितो, तू काढ." त्यातनं मोबाईलवर बघायची 'हेर हणमंत' ही मालिका निघाली. हणमंत हा सरपंचानं नेमलेला गुप्तहेर. गावातल्या चोऱ्यामाऱ्या, भानगडी वेष पालटून शोधून काढायचा. करडी सफारी आणि काळा गॉगल ही त्याची खूण.

आजवर हा हणमंत पाच जणांनी केलाय. मालिका एक, सफारी एक, माणसं पाच! त्यामुळं आमच्या भागात दोन माणसं वडापच्या जीपमध्ये शेजारी बसली की वाद ठरलेला, "खरा हणमंत कोणता?" कुस्तीवर बोलावं तसे बोलतात लोक. हा उंचीला बरा, तो डोळ्याला बरा, त्याच्या चालीत दम नव्हता.

या सगळ्यात एकच माणूस वेगळा प्रश्न विचारायचा. पाचव्या हणमंताची, म्हणजे दत्ताची आई. सगळं गाव तिला आक्का म्हणतं. वाद रंगात आला की ती म्हणायची, "त्ये ऱ्हाऊ द्या. ह्यातल्या किती जणांची लग्नं झाली, त्ये सांगा."

चौघांची झाली होती. राहिला होता तिचा पोरगा.

*

पहिला हणमंत संभा. सफारी शिवली ती त्याच्याच मापाची. पोरगा काटक, छाती पुढं. तेव्हा तो सैन्यभरतीची तयारी करत होता आणि रोज पहाटे हायवेच्या कडेनं पळायचा.

पहिल्याच भागात पाठलागाचा सीन. पुढं विहिरीवरची मोटार चोरणारा चोर, मागं हणमंत. मी ॲक्शन म्हटलं. चोर सुटला, संभा सुटला, आणि पहिल्याच वळणाला संभा चोराच्या पुढं! मागं वळून न बघता तसाच पुढच्या ओढ्यापर्यंत गेला. चोर बिचारा बांधावर धापा टाकत बसला.

बापू ओरडले, "आरं, चोराला धरायचंय!"

संभा लांबनं म्हणाला, "धरायचा व्हय? मी सोळाशे मीटरच्या टायमिंगनं पळत हुतो!"

सात भाग झाले आणि तो भरती झाला. आता तिकडनं फोन करतो आणि हणमंताच्या चालीत काय चुकतंय ते सांगतो. जुनी माणसं अजून म्हणतात, पहिला तो पहिलाच.

*

दुसरे विलासराव कंडक्टर. दिसायला एकदम साहेब. सफारी पोटावर बसेना म्हणून टेलरनं दोन्ही बाजू उसवून सोडल्या. अडचण आवाजाची होती. आयुष्य भरलेल्या गाडीत गेलेलं, हळू बोलणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

सीन असा होता की हणमंत उसात लपलाय, पलीकडं चोर वाटणी करतायत, आणि हा फोनवर सरपंचाला कुजबुजत खबर देतोय. विलासराव उसात शिरले, फोन कानाला लावला आणि कुजबुजले, "सायेब, चौघं हायती!"

दोन शेतं पलीकडं भांगलणाऱ्या म्हातारीनं मान वर केली आणि तिथनंच हाक दिली, "कोण चौघं रं विलास?"

त्याच्यावर कमेंट आली होती, "हेर चांगला आहे, पण मालिका बघताना मोबाईलचा आवाज बंद ठेवावा."

*

तिसरा बिरू. हा पूर्वेकडचा, मेंढरं घेऊन दरसाल आमच्याकडं खताला बसायला येतो. शेतात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत शेताला, धान्य त्याला. एकदा बापूंनी त्याला बांधावर काठीला टेकून उभा असलेला बघितला. अर्धा तास उभा, पापणी हलत नव्हती. बापू म्हणाले, "गड्या, असा माणूस पायजे."

बिरू खरंच भारी होता. कॅमेऱ्याकडं चुकूनसुद्धा बघायचा नाही. पण हणमंत जिथं जाईल तिथं मेंढरंही जायची. वाड्याच्या भिंतीआडनं चोरून बघतोय, मागं मेंढरं. अंधाऱ्या खोलीत दबक्या पावलांनी शिरतोय, मागं मेंढरं. हाकललं की पुन्हा वळून येत. कुत्रं तर त्याच्या आधी जाऊन चोरापाशी बसायचं!

बापूंनी वैतागून शेवटी गोष्टच बदलली आणि हणमंतानं धनगराचा वेष घेतला असं लिहिलं. लोकांना ते भाग लय आवडले. पावसाच्या तोंडावर बिरू निघून गेला. सांगितलं काही नाही, सफारी तेवढी स्वच्छ धुऊन बाभळीला अडकवलेली सापडली.

*

चौथे खुद्द सरपंच. मालिकेत सरपंचाचं काम ते करतच होते, पण त्यांना हणमंतच पाहिजे होता. "गावानं मला बघितलं पायजे," म्हणाले. गुप्तहेराचं काम मागताना असं म्हणणारा दुसरा माणूस मी बघितला नाही.

त्यांना म्हातारीचा वेष दिला. लुगडं, डोक्यावर पदर, हातात भाजीची पाटी. बाजारातून कुणाला कळू न देता चालत जायचं. सरपंच निघाले आणि दोन्ही बाजूंनी सुरू झालं, "राम राम सरपंच!" "नमस्कार सरपंच!" तेही पदर सावरत हात जोडत चालले.

मध्येच एक पाव्हणा आडवा आला. "सरपंच, त्या दाखल्यावर सही ऱ्हायलीया."

"कॅमेरा चालू हाय, उद्या ये," सरपंच म्हणाले.

"उद्या तुमी कुठल्या वेषात असाल, मी कुठं हुडकू?" पाव्हणा म्हणाला.

सरपंचांनी पाटी खाली ठेवली, लुगड्याच्या आतनं खिशातलं पेन काढलं आणि सही केली. तो भाग आमचा सगळ्यात जास्त बघितला गेला.

*

आणि पाचवा दत्ता.

दत्ता तीन एकराचा बागायतदार, देखणा, अंगानं नीट. टेलरनं सफारी पुन्हा आत घेतली, तरी खांद्याला ढगळच राहिली. मी म्हटलं, आता हणमंत मिळाला. पण दत्तात एक खोट होती. त्याला खोटं बोलता यायचं नाही. नाटकातलंसुद्धा!

पहिलाच सीन. हणमंत बैलांच्या दलालाचा वेष घेऊन एका म्हातारीच्या दारात येतो. म्हातारीचं काम करणाऱ्या काकूंनी विचारलं, "कुणाचा रं तू? कुठनं आलास?"

दत्तानं सांगायचं होतं, "मी कर्नाटकातनं आलोय, बैल बघतोय." तो कानापर्यंत लाल झाला, पायाकडं बघितलं आणि म्हणाला, "मी दत्ता न्हवं का काकू, तुमच्या शेजारचा."

बापूंनी हातातले कागद जमिनीवर आपटले. "आरं, हेर हायस तू!"

"व्हय, पर त्यांनी सरळ इचारलं," दत्ता म्हणाला.

कमेंटींनी त्याला फाडून खाल्ला. "यापेक्षा मेंढ्या बऱ्या होत्या" ही त्यातल्या त्यात सभ्य. मी त्याला काढलं नाही, कारण सहावा कुणी मिळत नव्हता.

*

दत्ताच्या लग्नाचं सांगायचं तर आमच्याकडं स्थळाची चौकशी हाच एक हेरखात्याचा प्रकार आहे. मुलीकडचा कुणी मामा नाहीतर चुलता गुपचूप गावात येतो. स्वतःचं नाव सांगत नाही, काम सांगत नाही. टपरीवर चहा घेतो, न्हाव्याकडं दाढी करतो, आणि जाता जाता विचारतो, "ते अमक्याचं पोरगं कसं हाय वो?" गावंही हुशार. कुणीही विचारलं की सांगतात, "पोरगं म्हंजी सोनं!" आख्ख्या तालुक्यात पितळ म्हणून नाहीच.

दत्ताची दोन-तीन स्थळं या मालिकेनंच मोडली. पाटणकडचे पाहुणे टपरीवर आले आणि त्याच्याविषयी विचारलं. टपरीवाला शंकर कौतुकानं म्हणाला, "वळखीचा हाय की! परवाच भिताडावरनं उडी मारून लोकांच्या परड्यात शिरला हुता. आमी समद्यांनी बघितला!"

पाहुण्यांनी चहा अर्धा सोडला.

*

त्याला स्वतःला हवी होती ती कवठे महांकाळची सुवर्णा. तिकडच्या एका लग्नाचं शूटिंग मी घेतलं होतं आणि दत्ता माझ्याबरोबर लाईट धरायला आला होता. पंगतीत वाढताना ती थांबली आणि म्हणाली, "तुमी हणमंत न्हवं?"

दत्ता म्हणाला, "व्हय."

ती म्हणाली, "तुमाला खोटं बोलायला येत न्हाई."

दत्ता म्हणाला, "न्हाई. जरा पानी द्या."

झालं एवढंच. पण परत येताना आख्खा रस्ता तो मागं वळून वळून बघत होता. उंब्रज आल्यावर म्हणाला, "लगीन करीन तर हिच्याशी. हे मोडलं तर मी पुन्हा उभा ऱ्हानार न्हाई कुणाच्या दारात." मला त्याचं वाईट वाटलं. मध्यस्थामार्फत स्थळ घातलं. निरोप आला की मुलीला वडील नाहीत, मामा बघतात सगळं. ते येतील चौकशीला त्यांच्या सवडीनं. कधी, ते कुणाला सांगत नसतात. ही गोष्ट दत्ता, आक्का आणि मी, तिघांतच होती.

*

त्याच दिवसांत आक्का एकदा तणतणत माझ्या दुकानात आली. तिला बोकड विकायचा होता. पिवळा फेटा, झुबकेदार मिशा, खांद्यावर घोंगडं असा कुणी व्यापारी दारात आला होता.

"दोन कप च्या प्याला माझा!" आक्का सांगत होती. "बोकडाचं दात बघितलं, पाठ चाचपली. माझं घर, परडं, चूल, समदं बघितलं. येव्हार जुळत आला हुता. तेवढ्यात आमचं रत्न रानातनं आलं. आन् आल्या आल्या काय म्हणावं? 'पाव्हणं, बोकडाचा मागचा पाय दुखतोय, जरा चालवून बघा.' माझ्या तोंडावर!"

"मग?"

"मग काय! त्यो बाबा दत्ताकडं बघत ऱ्हायला, हसला, आन् बोकड न घेता गेला. आसल्याला पोरगी कोण देणार, तूच सांग!"

*

आता हा शेवटचा.

बापूंनी नवीन भाग लिहिला होता. चोरांनी सगळं गाव फितवलंय आणि हणमंतावरच संशय आणलाय. मग त्याची चौकशी करायला बाहेरचा एक मोठा हेर गुपचूप गावात येतो. तो ज्याला विचारेल तो हणमंताविषयी वाईटच सांगतो. या हेराच्या कामाला सांगलीचे एक हौशी नट ठरवले होते. आम्ही त्यांना बघितलं नव्हतं, बापूंचं फोनवर बोलणं झालं होतं. वय साठीचं, पांढरे कपडे, टोपी, हातात छत्री, सकाळच्या गाडीनं उतरतील. खरंखुरं वाटावं म्हणून ठरलं की त्यांनी उतरल्या उतरल्या कामाला लागायचं. गावानं ठरल्याप्रमाणं बोलायचं. मी कॅमेरा घेऊन टपरीसमोरच्या उसात लपायचं आणि शंकरच्या बनियनला माइक लावायचा.

गाडी आली. एक गृहस्थ उतरले. पांढरे कपडे, टोपी, छत्री, दाढी-मिशी गुळगुळीत काढलेली. सरळ टपरीवर गेले, चहा सांगितला आणि हळूच म्हणाले, "हितं त्ये हणमंताचं काम करतंय त्ये पोरगं... माणूस कसा हाय वो?"

कानाला हेडफोन लावून बापू माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझी मांडी दाबली. "बघ, उतरल्या उतरल्या भूमिकेत!"

शंकर म्हणाला, "त्यो? सकाळी लोक च्या पित्यात, त्यो दुसरंच पितो."

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. त्या एका कप ठेवण्यात एवढं दुःख होतं की मी बघतच राहिलो.

मग विलासराव आले. त्यांची जागा गेल्यापासून नंतरच्या प्रत्येक हणमंतावर त्यांचा रागच होता. ते कुजबुजले, "आईला जेवाय घालत न्हाई!" हे अर्ध्या गावाला ऐकू गेलं. म्हाताऱ्यानं रुमाल काढून मान पुसली. सरपंच तर खास इस्त्रीचे कपडे घालून आले होते. "गावाला लागलेला डाग हाय तो," म्हणाले, आणि लिहून दिलेलं संपल्यावर पदरची आणखी चार वाक्यं बोलले. म्हातारा प्रत्येकाचं ऐकून घ्यायचा, मान हलवायचा, पुढं जायचा. शेवटी पारावर जाऊन बसला आणि छत्रीच्या टोकानं मातीत रेघा ओढत राहिला.

बापूंच्या डोळ्यांत पाणी होतं. "आपण पाच जण उगाच वापरले गड्या. हणमंत हा हाय!"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सांगलीचे नट बोलत होते. "मास्तर, माफ करा, कराडात गाडी चुकली. आता वडापनं निघालोय."

बापू माझ्याकडं बघायला लागले. मी पाराकडं बघायला लागलो. मला कवठे महांकाळचा निरोप आठवला.

"बापू," मी म्हटलं, "त्यो दत्ताचा मामेसासरा हाय. म्हंजी होणार हुता."

*

दत्ता त्याच्या सीनसाठी सफारी घालून येतच होता. मी सांगितलं. तो जागेवर उभा राहिला, गॉगल काढून माझ्या हातात दिला आणि सरळ पाराकडं गेला. आम्ही सगळे मागं. विलासराव, सरपंच, शंकर, सगळ्यांच्या माना खाली. कुणीतरी आक्कालाही सांगितलं होतं, ती शेणाचे हात तसेच घेऊन पळत आली.

दत्ता म्हणाला, "मामा, गावानं सांगितलं ते शूटिंग हुतं. मी पीत न्हाई. आईला जेवाय घालतो." मला वाटलं, झालं, सुटलो. पण तो पुढं म्हणाला, "पर तीन एकरातला एक एकर खडक हाय. मध्यस्थानं सांगितलं नसंल. आन् हेराचं काम मला जमत न्हाई."

बापूंनी कपाळाला हात लावला. "आरं, आता तरी गप!"

आक्का हात जोडून म्हणाली, "दादा, लेकरू भोळं हाय वो माझं..."

म्हाताऱ्यानं छत्री बाजूला ठेवली. माझ्याकडं बोट केलं. "तो कॅमेरा तुझा व्हय? पैला च्या पितानाच दिसला मला. वारं न्हाई, वावधान न्हाई, आन् आख्ख्या फडात एकाच ठिकाणचा ऊस हलतोय!" मग म्हणाले, "म्हटलं, करत्यात काय ते बघू. माझं काम कसं झालं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "एक नंबर!"

"ती सफारी काढ रं," ते दत्ताला म्हणाले. दत्तानं वरचा कोट काढून दिला. त्यांनी तो अंगात घातला, बटणं लावली, हात वर-खाली करून बघितले. पाच जणांसाठी उसवलेला आणि पुन्हा शिवलेला तो कोट त्यांच्या अंगावर मापानं शिवल्यासारखा बसला. "ही ऱ्हाऊ दे माझ्याकडं. धाकट्या भाचीला शिरवळच्या कंपनीतलं एक पोरगं आलंय. बघून यायचंय."

तेवढ्यात वडाप येऊन थांबली. सांगलीचे नट उतरले, पांढरे कपडे, टोपी, छत्री, आणि कुणी तरी आपल्याला ओळखेल म्हणून उभे राहिले. कुणी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मामा जीपमध्ये चढायला निघाले.

आक्का मागं धावली. "दादा, आवं, काय ते सांगून तरी जावा!"

मामांनी एक पाय जीपमध्ये ठेवला, सफारीचा कोट नीट केला आणि वळून म्हणाले, "आक्का, त्या बोकडाचा मागचा पाय बरा झाला का? इकू नका आता त्याला. लागंल आपल्याला."